मेन रेडरला स्पर्धेच्या तोंडावर बसवायचं का? रग्बी लीगचे क्लब काय करतात?

प्रभादेवीकर_७:
आमच्या कबड्डी मंडळात सध्या यावरनं जोरदार वाद चाललाय म्हणून विचारतो. मेन रेडर, पोरगा गुणी आहे, पण प्रॅक्टिसला दांड्या मारतो, आला तरी सगळ्यांचं वॉर्मअप झाल्यावर बॅग टाकून थेट मॅटवर, आणि मॅचच्या आदल्या रात्री पार्टीत नाचतानाचा व्हिडिओ सगळ्यांच्या स्टेटसला. मी ऑस्ट्रेलियाची रग्बी लीग (रग्बीचाच एक वेगळा प्रकार) बघतो, तिथे क्लब सरळ करार तोडून मोकळे होतात, टॉड कार्नी या खेळाडूला तीन क्लबांनी काढलं, शेवटचं २०१४ मध्ये क्रोनुलाने. मला वाटतं आपणही तसंच करावं पण निम्मी कमिटी म्हणते स्पर्धा होऊ दे मग बघू. काय करावं?

लाइनमन_काका:
दादा, तिकडचं अर्धंच बघू नका. २०२१ चं पॉल व्हॉनचं प्रकरण घ्या, कोविडचे निर्बंध असताना त्याने टीममधल्या पोरांना घरी बार्बेक्यूला बोलावलं. लीगने त्याला ८ मॅच बसवलं, ५० हजार डॉलर दंड केला आणि सेंट जॉर्ज इलावारा क्लबने करारच संपवला. पण नियम आधीपासून लेखी होते, आदल्या वर्षी कॅफेत गेला म्हणून त्याच्यावर एकदा कारवाईही झाली होती, आणि जे जेवायला आले होते त्यांनाही दंड आणि एकेक मॅच बंदी झाली. तुमच्या मंडळात कागदावर काय आहे? काहीच नसेल तर आज त्याला काढणं म्हणजे राग काढणं. आणि त्या व्हिडिओत बाकी कोण कोण होतं तेही बघा, बदली खेळाडूला झापायचं आणि रेडरला सोडायचं किंवा उलटं, दोन्ही पोरांना लगेच कळतं.

विरार_फास्ट:
पोरगा कामाला कुठे आहे ते विचारलंत का कुणी? आमच्याकडे दोघं डिलिव्हरी करतात, एक मॉलमध्ये शिफ्टला, साडेसहाला मैदानावर ये म्हटलं तर मालक पगार कापतो. रग्बी लीग हा खेळ जन्मालाच यावरून आला हो! १८९५ मध्ये हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तर इंग्लंडचे क्लब मूळ रग्बी संघटनेपासून वेगळे झाले ते कशासाठी, तर गिरणी आणि खाणीतल्या खेळाडूंचा मॅचमुळे बुडालेला रोज भरून द्यायचा, दिवसाला ६ शिलिंग. गिरणगावात बसून आपण हे विसरायचं? पार्टीचं समर्थन नाही करत, त्याला बोलाच, पण उशिरा येण्याचं कारण आणि पार्टी या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, एकत्र करून पोराच्या डोक्यावर मारू नका. प्रोफेशनल शिस्त हवी तर निदान ट्रेनचा पास आणि नाश्ता तरी द्या.

कोच_ताई:
दोघांशी सहमत. मी मुलींची टीम बघते. कबड्डीत यलो कार्ड मिळालं की २ मिनिटं बाहेर, रग्बी लीगच्या सिन बिनमध्ये (शिक्षा म्हणून बाहेर बसवतात ते) १० मिनिटं, टीम तेवढा वेळ एक खेळाडू कमी घेऊन खेळते, म्हणून पोरं स्वतःच एकमेकांना आवरतात. मैदानाबाहेरही तसंच ठेवा. उशीर झाला तर पहिल्या हाफला बाकावर, कोणी का असेना. कामाची शिफ्ट असेल तर आदल्या दिवशी ग्रुपवर मेसेज, मग माफ. आणि त्याला कमिटीसमोर आरोपीसारखं उभं करू नका, आधी कोचने एकट्याने चहा प्यायला न्यावं.

प्रभादेवीकर_७:
काका, लेखी खरंच काही नाही. शिफ्टचं कुणी विचारलंही नव्हतं, आज संध्याकाळी कोच त्याला भेटतायत. ताई, तुमचे नियम लिहिलेले असतील तर फोटो टाका ना, रविवारच्या मीटिंगला ठेवतो.