थॉमस अ‍ॅननचे ग्लासगोचे फोटो: गरिबांची बाजू की ट्रस्टचं कंत्राट?

बोळवाला: काल इथे कुणीतरी थॉमस अ‍ॅनन या स्कॉटिश फोटोग्राफरबद्दल लिहिलं, "अ‍ॅननने ग्लासगोच्या गरिबांना चेहरा दिला." वाचून डोकंच फिरलं. 1866 च्या कायद्याने ग्लासगोत दाट, कोंदट वस्त्या पाडून शहर सुधारायला सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट झाला. ज्या वस्त्या पाडायच्या, त्यांचे फोटो ट्रस्टने याच्याकडून पैसे मोजून काढून घेतले, 1868 ते 1871. पाडकामाआधीची नोंद होती ती. फोटोखाली फक्त गल्लीचं नाव-नंबर, राहणाऱ्याचं नाव एकाही ठिकाणी नाही.

ओलीकाच: पैसे घेतले म्हणून काम खोटं ठरतं का? स्टुडिओ चालवायचा होता त्याला. तेव्हा फिल्म नव्हती; कोलोडियन हे रसायन लावलेली काच ओली आहे तोवरच फोटो घेऊन धुवायची, तेही ऊन न पोचणाऱ्या बोळात. हललेलं माणूस पुसट येणारच. साल्टमार्केट रस्त्यावरच्या 28 नंबरच्या बोळाचा फोटो मोठा करून बघा, वर काठ्यांवर धुणं वाळतंय. निव्वळ भिंतीच हव्या असत्या तर ते काढायला लावलं असतं.

परळची_लेक: ट्रस्टचा विषय निघालाच आहे म्हणून लिहिते. मुंबईचा इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट प्लेगनंतर, 1898 मध्ये, ग्लासगोच्याच वळणावर निघाला. सँडहर्स्ट रोड काढताना उठवलेल्यांचं काय झालं, हे कुणी विचारत नाही.

चौथा_मजला: अहो, बीआयटी (बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट) चाळी कुणी बांधल्या मग? बाबासाहेब परळच्या बीआयटी चाळीतच राहिले ना? प्लेगात माणसं पटापट मरत होती, तेव्हा त्या कोंदट खोल्या राखायच्या होत्या का?

परळची_लेक: तुम्ही राहिलात कधी चाळीत? आमच्याकडे पुनर्विकासाच्या सर्व्हेला माणसं आली. आजी दारात उभी होती. "आजी, बाजूला व्हा, खोलीचा नंबर दिसत नाहीये." साठ वर्षं तिथे संसार केलेली बाई! आणि मला कोंदट खोल्या शिकवताय?

चौथा_मजला: आजींशी असं वागायला नको होतं, हे मान्य. पण गळकं छप्पर तसंच ठेवायचं का, याचं उत्तर तुम्ही दिलं नाहीत.

ओलीकाच: ताई, माझा मुद्दा तुम्हीच सांगितलात. अ‍ॅननने माणसांना बाजूला केलं नाही.

बोळवाला: बरं, माणसं राहू दिली, एवढं श्रेय घ्या. त्यापुढे मी एक पाऊल येणार नाही. 1878 मध्ये सिटी ऑफ ग्लासगो बँक बुडाली आणि ट्रस्टचं काम रखडलं. उठवलेली माणसं कुठे गेली, त्याचे फोटो काढायला त्याला कुणी पैसे दिले नाहीत, आणि त्यानेही काढले नाहीत.