जोर लावून मागे ओढू नका
चार वर्षांच्या मुलाची शिश्नाची कातडी रोज अंघोळीत तेल लावून मागे ओढा, असा सल्ला काही जण देतात. कृपया तसं करू नका. या वयात पुढची त्वचा बोंडाला (शिश्नाच्या टोकाच्या गोल भागाला) निसर्गतःच चिकटलेली असते. ती हळूहळू सुटते, काहींची तर वयात येताना. जोरानं ओढलं की बारीक चिरा पडतात, त्या भरताना व्रणाचं कडक कडं तयार होतं आणि नसलेला फायमोसिस (त्वचा घट्ट होऊन मागे न सरकणं) मागे लागतो. त्वचेखाली दिसणारे पांढरे गोळे बहुधा पू नसतो, साचलेल्या मृत पेशी असतात. लघवीच्या वेळी टोकाशी क्षणभर फुगा आला, पण धार नीट असेल आणि दुखत नसेल, तर थांबता येतं.

धार बारीक होणं, कुंथावं लागणं, वारंवार सूज किंवा जंतुसंसर्ग, टोकाशी पांढरट टणक कडं: यांपैकी काही असेल तर युरॉलॉजिस्टला (मूत्रविकारतज्ज्ञाला) दाखवा. मोठ्या माणसाची आधी सहज सरकणारी त्वचा अडकू लागली तर रक्तातली साखरही तपासून घ्या, मधुमेह निघू शकतो.

घट्ट त्वचेवर उपचार म्हणून डॉक्टर बहुतेकदा ०.०५ टक्के बीटामेथासोनचं (एक स्टेरॉइड) मलम दिवसातून दोनदा, ४ ते ८ आठवडे देतात. ते नुसतं टोकावर चोपडून उपयोग नाही. दुखणार नाही इतपतच त्वचा मागे घेऊन अरुंद कड्यावर पातळ थर लावायचा. व्रणाचं कडं असेल तर मात्र बऱ्याचदा सुंता करावी लागते.

आणि मागे गेलेली त्वचा पुढे येईना, बोंड सुजायला लागलं, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच वेळी इमर्जन्सी विभाग गाठा, रक्तपुरवठा तुटू शकतो.