गांधी छापाचं चांदीचं दहा रुपयांचं नाणं: चकचकीत असून मोडीत का?

मेघना_सांगली
बाबा बँकेत कॅशियर होते. नवी नाणी आली की स्वतःचे पैसे भरून चार-दोन बाजूला ठेवायचे. ते गेल्यावर कपाटातल्या डब्यात बरंच काही निघालं. त्यात गांधी छापाची चांदीची दहा रुपयांची पाच नाणी आहेत. पाचही अगदी सारखी: 1869-1948 आणि खाली पत्त्यातल्या चौकटसारखी बारीक खूण. इथल्या एका दुकानदाराने एक उचलून वेगळं ठेवलं, दोन "बरी आहेत" म्हणाला आणि उरलेली दोन सरळ मोडीच्या भावाने मागितली. गंमत म्हणजे मोडीतली दोनच सगळ्यात चकचकीत आहेत, आईने दिवाळीत चिंच लावून लख्ख केलेली! आणि त्याने वेगळं काढलेलं पिवळट-काळपट आहे. हा मला गंडवतोय का?

नाणेघाटकर
नाही हो ताई, माणूस सरळ दिसतोय. गंडवायचं असतं तर त्याने पाचही मोडीत मागितली असती.

हे नाणं 1969 सालचं, गांधी जन्मशताब्दीचं. त्यावर 1969 कुठेच नाही, म्हणून नवखे लोक गोंधळतात. चौकट म्हणजे मुंबई टांकसाळ, खूण नसली तर कलकत्ता. खाली "B" असतं तर ते प्रूफ, म्हणजे संग्राहकांसाठी वेगळं पाडलेलं, आणि मग सगळी बोलणी वेगळी झाली असती. लोकांनी ही नाणी त्या काळी हौसेने घरात ठेवली, त्यामुळे आजही बाजारात भरपूर मिळतात. जी वस्तू भरपूर मिळते तिच्यात भाव ठरतो तो फक्त अवस्थेवर. मधल्या दर्जाची घ्यायला कुणी धावत नाही, सगळे वरच्या मोजक्या नाण्यांमागे.

आता घरी करून बघा. ट्यूबलाइट बंद करा, पिवळा बल्ब एकच ठेवा. नाणं कडेला धरून सावकाश कलवा. न वापरलेल्या नाण्यावर उजेडाचा पट्टा गोल फिरतो, त्याला आम्ही लस्टर म्हणतो. टांकसाळीत साच्याखाली धातू बाहेरच्या बाजूला पसरतो, त्याच्या अतिसूक्ष्म रेघांमुळे ते होतं. चिंचेचं आम्ल आणि वरून घासणं, दोन्हींनी तीच कातडी जाते. मग नाणं चमकतं, पण सगळीकडून सारखं, मेलेलं. भिंग लावलंत तर एकाच दिशेला गेलेले बारीक ओरखडे दिसतील. गेलेलं लस्टर परत येत नाही, पॉलिश करणारा काहीही सांगो.

पिवळट-काळपट रंग हा चांदीवरचा गंधकाचा थर. एकसारखा चढला असेल तर बरेच जण त्यासाठी उलट जास्त देतात.

गण्या_खोपोली
माझ्याकडे 2012 चं वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं आहे. व्हिडिओत दहा लाख सांगतात. कुठे पाठवू?

नाणेघाटकर
कुठेही पाठवू नका, "रजिस्ट्रेशन फी" तर मुळीच नाही. जुन्या नाण्या-नोटांच्या असल्या आमिषांबद्दल रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्येच सावध केलंय. ते नाणं दुकानात चालवा, पाच रुपयांचा चहा प्या. मिळाला तर.

सराफकट्टा
मोडीचा हिशोब देतो. वजन 15 ग्रॅम, चांदी 80 टक्के, म्हणजे शुद्ध 12 ग्रॅम. त्या दिवसाचा भाव लावा, गाळणीची घट वजा करा. घासलेल्या नाण्यांना याच्या खाली कुणी मागितलं तर उठून या.

मेघना_सांगली
बल्बखाली पाहिली. तुम्ही म्हणता ते अगदी स्पष्ट दिसलं, उजेड खरंच फिरतो! "बरी" म्हटलेल्या दोघांवर मात्र आडवा काळा पट्टा आहे, सुतळीएवढा. बाबा कागदात गुंडाळून रबरबँड लावायचे, ते असेल का? शिवाय डब्यात 1985 ची इंदिरा गांधींची जाडजूड पाच रुपयांची नाणी आणि षटकोनी 3 पैशांची एक पुडी आहे. वेगळं काढलेलं नाणं परदेशी कंपनीकडून प्लास्टिकच्या डबीत ग्रेड करून घेऊ का?

नाणेघाटकर
रबरबँडच. रबरात गंधक असतो, चांदीवर नेमकी तिथेच रेघ उमटते. पुसायला जाऊ नका, पट्टा परवडला.

ग्रेडिंगचं थोडं सविस्तर. ग्रेडिंग म्हणजे नाण्याच्या अवस्थेला आकडा देणं. त्याची 1 ते 70 ही मोजपट्टी शेल्डन नावाच्या अमेरिकन माणसाने 1949 मध्ये त्यांच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी मांडली. न वापरलेलं नाणं 60 पासून पुढे. पण एकदाही चलनात न गेलेलं नाणंसुद्धा 61-62 वर अडकतं, कारण टांकसाळीतून पोत्यात पडताना नाण्यावर नाणं आदळतं. गांधीजींच्या गालावर आणि समोरच्या मोकळ्या जागेत खड्डे शोधा. काठावर एखादी खाच दिसली तरी चालते, गालावरची नजरेत भरते आणि ग्रेड खाली ओढते. 63 आणि 65 मधला फरक तिथेच आहे. घासलेल्यांना आकडाच मिळत नाही, "क्लीन्ड" असा शेरा येतो.

फी, नेण्या-आणण्याचा खर्च आणि विमा धरला तर या नाण्यासाठी 65 च्या खालचा आकडा आल्यास पैसे अंगावर येतील. गाल स्वच्छ असेल तरच विचार करा. पुण्याच्या कॉइनेक्स प्रदर्शनात दोन-तीन जणांना दाखवा, विकायचंय असं आधी बोलू नका.

इंदिरा गांधींचं सोडा, ते घरोघरी आहे. 3 पैशांची पुडी मात्र उघडू नका, किमान हात तरी लावू नका. अॅल्युमिनियम मऊ, लगेच ओरखडतं, दमट हवेत पांढरी पूड धरतं, आणि तीन पैसे जपून ठेवायची कुणाला हौस होती? मग एका कॅशियरने कोरी बाजूला ठेवलेली पुडी... मला सांगलीला यायला आवडेल. फोटो टाका, पण आधी पुडीवरची बाबांची तारीख दिसेल असा.