चालत्या गाडीचे इंजिन मधूनच बंद पडते. दोष नेमका पकडावा कसा?

कृष्णाकाठ

नमस्कार. माझ्याकडे २०११ सालची पेट्रोलवर चालणारी छोटी गाडी आहे आणि आजवर तिचे ९२ हजार किलोमीटर झाले आहेत. गेल्या तीन महिन्यांत ती चालता चालता पाच वेळा बंद पडली. दर वेळी तासभर प्रवास झाल्यावर, इंजिन पूर्ण तापलेले असतानाच हे घडते. आधी गचके नाहीत, मिसिंग नाही. कोणी किल्ली फिरवावी तसे इंजिन एकाएकी शांत होते. मग सेल्फ नेहमीच्या जोराने फिरतो, पण इंजिन काही केल्या पकडत नाही. वीस-पंचवीस मिनिटे थांबले की मात्र एकाच सेल्फमध्ये सुरू होते.

मागच्या रविवारी पुण्याहून वाईला परतताना ती खंबाटकी घाटाच्या चढावर बंद पडली. मागे भरलेले ट्रक होते आणि गाडीत माझी सत्तरी ओलांडलेली आई होती. स्टीअरिंग इतके जड झाले की दोन्ही हातांनी ओढून गाडी कशीबशी कडेला घेतली आणि पत्नीने उतरून चाकाला दगड लावला. त्या दिवसापासून आईला घेऊन बाहेर पडण्याची माझी हिंमत होत नाही.

आतापर्यंत गॅरेजमध्ये स्पार्क प्लग, पेट्रोल फिल्टर आणि शेवटी टाकीतला पंपही बदलला. गाडी एकदा गॅरेजच्या दारातच बंद पडली होती आणि तेव्हा सेल्फ मारूनही पाइपात पेट्रोलचे प्रेशर येत नव्हते, म्हणून पंप बदलला. नवा पंप बसवल्यावर चौथ्या दिवशी गाडी पुन्हा बंद पडली. गाडी चालताना इंजिनाचा दिवा कधीच पेटत नाही. अंदाजाने एकेक भाग बदलत राहण्याऐवजी दोष शोधण्याची काही रीत असेल तर कृपया सविस्तर सांगावी.

तेलकट_हात

तुमच्या वर्णनातच बरेच उत्तर आहे. पेट्रोल कमी पडून बंद होणारी गाडी बहुधा आधी ओढ सोडते, चढावर अडखळते, गचके देते आणि मग थांबते. तुमच्या गाडीचे तसे होत नाही. ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही एकाच क्षणी जातात. दोन्ही एकदम जातात तेव्हा दोघांच्या मुळाशी असलेली गोष्ट आधी तपासावी, म्हणजे क्रँक सेन्सर किंवा ईसीयूला (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाला) वीज देणारा मुख्य रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच.

क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, फिरतो आहे आणि या क्षणी तो कुठल्या स्थितीत आहे, हे ईसीयूला क्रँक सेन्सर कळवतो. जुन्या सेन्सरच्या आतली बारीक तारेची गुंडाळी तापल्यावर प्रसरण पावते, कुठेतरी झालेली चीर उघडते आणि सिग्नल तुटतो. थंड झाल्यावर तीच टोके पुन्हा जुळतात. तुमची वीस-पंचवीस मिनिटे या थंड होण्यात जात असावीत.

पंपाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण या जागी अनेकांचे पैसे वाया गेलेले मी पाहिले आहेत. किल्ली ऑन केल्यावर पंप साधारण दोन सेकंद चालतो आणि थांबतो. त्यानंतर इंजिन फिरत असल्याचा सिग्नल मिळाला, तरच ईसीयू पंपाचा रिले पुन्हा जोडतो. अपघातात इंजिन थांबल्यावर टाकीतून पेट्रोल येत राहू नये म्हणून ही सोय असते. त्यामुळे क्रँक सेन्सर गेला की सेल्फ कितीही मारला तरी पंप चालत नाही. तेव्हा प्रेशर न मिळणे हा परिणाम होता, कारण नव्हे. तुमचा जुना पंप कदाचित चांगला असेल, तो टाकून देऊ नका.

खरी तपासणी गाडी बंद असलेल्या त्या वीस मिनिटांतच करायची असते. एकदा ती सुरू झाली की पुरावा गेला. इंजिन थांबताक्षणी क्लच न दाबता आरपीएमचा (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा) काटा पाहा. गाडी गिअरमध्ये पुढे जात असेल, तर चाके इंजिनाला फिरवतच असतात आणि काटा वेगाबरोबर हळूहळू उतरायला हवा. गाडी धावत असताना तो झटक्यात शून्यावर पडला, तर सिग्नल तुटला असे समजावे. मग ओबीडी सॉकेटला (गाडीतल्या तपासणीच्या जोडणीला) दोष वाचणारा स्कॅनर लावून सेल्फ मारा आणि आरपीएम वाचा. सेल्फवर दोनशेच्या आसपास आकडा दिसायला हवा. सेल्फ जोरात फिरत असूनही शून्यच दिसले, तर दोष सेन्सर किंवा त्याच्या वायरिंगमध्ये आहे. दिवा पेटलेला नसला तरी साठवलेले कोड वाचून घ्या, पी०३३५ हा क्रँक सेन्सरच्या सर्किटमधल्या दोषाचा कोड कधी कधी आत नोंदलेला सापडतो. मात्र कोड नाही म्हणून सेन्सर निर्दोष ठरत नाही.

ओहम

वरच्या प्रतिसादाशी सहमत आहे, पण मुख्य रिले सहज बाजूला सारू नये. रिलेच्या आतला सोल्डरचा जोड तडकला असेल, तर तोही तापल्यावर अशीच गाडी बंद पाडतो. फरक ओळखणे सोपे आहे: बंद पडल्यावर किल्ली ऑन केली आणि इंजिनाचा दिवा लागलाच नाही, किंवा स्कॅनर ईसीयूशी जोडला गेला नाही, तर ईसीयूलाच वीज मिळत नाही, मग रिले, फ्यूज, इग्निशन स्विच आणि अर्थिंग तपासा. दिवा लागला, स्कॅनर बोलू लागला आणि तरी आरपीएम शून्य असेल, तर सेन्सरकडे वळा.

मल्टिमीटर लावण्याआधी सेन्सरला किती तारा आहेत ते पाहा. दोन तारांच्या चुंबकीय सेन्सरचा रोध बहुधा काहीशे ते दीड हजार ओहमच्या दरम्यान असतो. नेमका आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्यावा. थंड असताना रोध बरोबर आला म्हणून समाधान मानू नका, तो तापवून पुन्हा मोजा. तीन तारांचा हॉल सेन्सर असेल तर त्याचा रोध मोजू नये, त्यातून काही कळत नाही आणि आतले सर्किट खराब होण्याची शक्यता असते. त्याचे व्होल्टेज आणि सिग्नल तपासावे लागतात.

घाटवाट

तपासणीसाठी कृपया घाटात किंवा हमरस्त्यावर जाऊ नका, रुंद कडा असलेला कमी वर्दळीचा रस्ता निवडा. इंजिन बंद पडल्यावर ब्रेकला साठलेल्या व्हॅक्यूमचा आधार दोन-तीन वेळाच मिळतो, म्हणून पेडल पुन्हा पुन्हा न मारता एकदाच सलग दाबावे. गाडी थांबेपर्यंत किल्ली लॉकवर नेऊ नये, नाहीतर स्टीअरिंग अडकेल. आईंना मात्र दोष सापडेपर्यंत गाडीत बसवू नका.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितो आहे, कारण खात्री झाल्याशिवाय लिहायचे नव्हते.

वाईहून धोम धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर संध्याकाळी फेऱ्या मारल्या. पत्नी शेजारी बसून काट्यावर लक्ष ठेवून होती. दुसऱ्या दिवशी तास उलटल्यावर गाडी बंद पडली. तेव्हा वेग ५० होता, गाडी चौथ्या गिअरमध्ये धावत होती आणि काटा मात्र एका झटक्यात शून्यावर आला. किल्ली ऑन केल्यावर इंजिनाचा दिवा लागला, मागच्या सीटखालून पंपाचा दोन सेकंदांचा आवाजही आला. स्कॅनर लगेच जोडला गेला, पण सेल्फ मारत असताना आरपीएम शून्य. सेन्सर गिअरबॉक्सच्या तोंडाशी आहे, हात कसाबसा पोचतो. त्याच्यावर ओले फडके गुंडाळले आणि पाच मिनिटांनी सेल्फ मारला, तर स्कॅनरवर २१० आकडा दिसला आणि इंजिन सुरू झाले.

घरी सेन्सर काढून मोजला. दोन तारांचाच निघाला. थंड असताना ८७० ओहम भरले. मग मुलीच्या हेअर ड्रायरने तो तापवत राहिलो. आकडा हळूहळू नऊशेच्या पुढे चढला, थरथरला आणि अचानक मीटरवर सर्किट उघडे असल्याची खूण आली. टेबलावर निवायला ठेवला, तर थोड्या वेळाने पुन्हा आकडा. ज्या दोषाने तीन महिने झोप उडवली तो डोळ्यांसमोर येता-जाताना पाहिला. नवा सेन्सर बसवून ११०० किलोमीटर झाले आहेत आणि गाडी एकदाही थांबलेली नाही. परवा आईला घेऊन पुण्याहून परतलो आणि खंबाटकी न थांबता चढलो.

तेलकट_हात

वाचून फार बरे वाटले. आता एकच काम राहिले असेल तर ते करून घ्या: सेन्सरची वायर मूळ क्लिपमध्ये नीट बसली आहे ना, ते पाहा. हात घालायला जागा कमी असली की ती क्लिप तुटते, वायर सायलेन्सरच्या गरम पाइपावर टेकते आणि काही महिन्यांनी इन्सुलेशन वितळून गाडी तशीच बंद पडू लागते. क्लिप तुटली असेल तर उष्णता सोसणारी नळी चढवून वायर पाइपापासून दूर बांधा. जुना पंप गॅरेजमधून मागून घ्या आणि प्रेशर मोजून पाहा, चांगला निघाला तर पुढे तुमच्याच कामी येईल.