ज्वारीच्या माल्टची पेज होतेय, गोडवा उतरत नाही. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आधीच सांगतो, म्हणजे प्रतिसाद भलतीकडे जायला नकोत. घरी बिअर गाळायची नाहीये. 1949 चा दारूबंदी कायदा परवान्याशिवाय ते करू देत नाही, मग बादलीभर असो की तांब्याभर. मला हवंय ते बिअरच्या अलीकडचं: माल्टचं (मोड आणून वाळवलेल्या धान्याचं) गोड पाणी, थोडं कडवट करून, गार करून, वर सोडा. यीस्ट नाही.

सामान सगळं घरातलं. मोठं पातेलं, पंचा, सूप. विकत घेतला तो फक्त थर्मामीटर. सोलापुरात जव शोधत कोण फिरणार, म्हणून मालदांडी घेतली. भिजवून मोड आणले, गच्चीवर कडकडीत वाळवले, मग चोळून मोड आणि मुळं पाखडून टाकली. (हे टाळू नका. ज्वारीच्या कोंबात सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं.) मिक्सरमधून भरड काढली, 65 अंशांच्या पाण्यात कालवली आणि पातेलं तासभर सोलापुरी चादरीत गुंडाळून ठेवलं. चादर फक्कड काम करते, पारा जेमतेम दोन-तीन अंश उतरतो.

पण हाती येते ती पेज. पंच्यातून गळत नाही, गोडी नावाला. टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकला की काळंनिळं, म्हणजे स्टार्च तसाच. आंबिलीला चालेल, याला नाही.

चुकतंय कुठे? हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) महाग पडतात, कडवटपणाला दुसरं काय? आणि मे महिन्यात टाकीचं पाणीच कढत येतं, तर हे झटपट गार कसं करायचं?

प्रतिसाद

दादा, तापमान बरोबर आहे, पण ते जवाचं. ज्वारीचा स्टार्च फुलायला 70 च्या आसपास किंवा वर जावं लागतं, आणि तिथे माल्टमधली एन्झाइम्स (स्टार्चची साखर करणारी द्रव्यं) मरतात. म्हणून दोन्ही वेगळं करा. भरड कोमट पाण्यात, 45-50 अंशांना, अर्धा तास ठेवा. वरची निवळी काढून बाजूला ठेवा, एन्झाइम्स तिच्यात उतरलेली असतात. खालचा गाळ पिठल्यासारखा रटरटा शिजवा, 65-70 वर येऊ द्या, मग निवळी परत ओता आणि चादर. आयोडीन निळं होईनासं झालं की गाळून उकळा. जवाइतकी गोडी येणार नाही, ज्वारीत त्यातलं एक एन्झाइम मुळातच कमी असतं.

कडवटपणाला चिमूटभर काडेचिराईत, उकळी संपता संपता. जास्त टाकलंत तर काढा होईल. गार करायला परातीत बर्फ. झाल्यावर थेट फ्रिजमध्ये, दोन दिवसांत संपवा. बाहेर घट्ट बुचाच्या काचेच्या बाटलीत अजिबात नको. आपल्याकडच्या उन्हाळ्यात आपोआप आंबतं आणि बाटली फुटते.

धागाकर्ता

आभार ताई, निवळीचं रविवारी करून बघतो. एकच राहिलं: गाळून उरलेला चोथा म्हशीला घातला तर चालेल ना?