गुराब बनवा, पण खाली ‘हुबेहूब प्रतिकृती’ लिहू नका

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

मागच्या आठवड्यात सांगलीत एका प्रदर्शनात मराठा आरमाराच्या गुराबेचं, म्हणजे जुन्या लढाऊ जहाजाचं, मॉडेल पाहिलं. हातभर लांब, काम अगदी सुबक, वर भगवा. फक्त ती गुराब नव्हती. पिछाडीला खिडक्यांचे तीन मजले, बाजूंना तोफांच्या एकावर एक तीन रांगा, तिन्ही डोलकाठ्यांवर चौकोनी शिडं. म्हणजे पोर्ट्समथच्या गोदीतली १७६५ सालची, १०४ तोफांची ‘व्हिक्टरी’. झेंडा तेवढा बदललेला. आणि खाली पाटी: ‘गुराबेची हुबेहूब प्रतिकृती, प्रमाण १:५०’. कशाच्या १:५०? मूळ जहाज मोजायला कोण गेलं होतं?

गुराबेबद्दल आपल्या हाती जे आहे ते थोडं आहे, पण आहे. ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने १८व्या शतकात वर्णन करून ठेवलंय. गुराबेला बहुधा दोन डोलकाठ्या, काहींना तीन. तीनवाली साधारण ३०० टनांची, दोनवाली १५० टनांची. लांबीच्या मानाने रुंद, आणि मध्यापासून टोकाकडे निमुळती होत गेलेली. पुढे गोलसर नाळ (जहाजाचा पुढचा भाग) नाही, भूमध्य समुद्रातल्या वल्ह्यांच्या गॅलीसारखं बाहेर आलेलं लांब टोक. मुख्य तोफा दोन, ९ किंवा १२ पौंडी (गोळ्याचं वजन), त्याही समोर तोंड करून, त्या टोकावरून मारा करणाऱ्या. पाठलाग करून पुढून ठोकायचं हे त्या जहाजाचं युद्धतंत्रच होतं. त्याला तीन मजली तोफा चढवल्या की शोभा वाढते आणि आंग्र्यांची अक्कल नाहीशी होते.

पण मापाचा नकाशा नाही. मिस्त्री कागदावर रेघा मारून जहाज बांधत नव्हते. तुळाजी आंग्र्यांचा ताफा फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाखाली जळाला. एका जहाजावर गोळा पडला, शेजारी शेजारी बांधलेली बाकीची त्याच आगीत गेली. मोजायला काही उरलंच नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत: ज्याला प्रमाणबद्ध मॉडेल करायचंय त्याने ज्याचे नकाशे आहेत ते जहाज घ्यावं. इंग्रजांचं नको असेल तर मुंबईत बांधलेली ‘ट्रिंकोमली’ घ्या. १८१७ साली वाडिया या जहाजबांधणीच्या घराण्याच्या हाताखाली मलबारी सागात बांधलेली ही फ्रिगेट (मध्यम युद्धनौका) इंग्लंडात हार्टलपूलला आजही पाण्यावर आहे. तोफांच्या डेकची लांबी सुमारे १५० फूट, म्हणजे १:६४ ला जेमतेम ७१ सेंमी. घरातल्या शोकेसमध्ये मावते. गुराब करायची तर जरूर करा, पण पाटीवर ‘कल्पनेने’ असं लिहा.

डोलकाठी

साफ असहमत. नकाशा मिळेपर्यंत थांबायचं म्हटलं तर गुराब कधीच होणार नाही, आणि पोरांच्या डोळ्यांसमोर जहाज म्हणून फक्त ‘व्हिक्टरी’ आणि ‘कटी सार्क’ राहील. दिवाळीत गल्लीतली पोरं प्रतापगड करतात तेव्हा तुम्ही सर्व्हेचा नकाशा मागता का? प्रदर्शनातल्या त्या माणसाने निदान गुराब हे नाव चार लोकांच्या तोंडी आणलं. त्याचं कौतुक राहिलं बाजूला, तुम्ही खिडक्या मोजत बसलात.

कृष्णाकाठ

दिवाळीच्या किल्ल्याखाली कुणी १:५०० लिहीत नाही.

सातारकर_पोवई_नाका

ट्रिंकोमली ‘आपली’ कशी हो? आराखडा फ्रेंच (‘हेबे’ नावाचं जहाज इंग्रजांनी १७८२ ला पकडलं, त्याच्या रेघांवरून तो सगळा वर्ग निघाला), हुकूम लंडनचा, तोफा त्यांच्या. राबले तेवढे आपले. कान्होजी आंग्रे साताऱ्याच्या शाहूंचे सरखेल (आरमारप्रमुख) होते, ते सोडून मी कंपनी सरकारच्या नोकरीतल्या गोदीचं जहाज का करू? गंमत म्हणजे त्याचे नकाशे आधी मुंबईला पोचलेच नव्हते. ‘जावा’ जहाजावरून निघाले आणि १८१२ च्या डिसेंबरात ब्राझीलजवळ अमेरिकनांनी ‘जावा’ला गाठून पकडलं. दुसरी प्रत पाठवावी लागली. तेव्हा कागदाची एवढी आरती नको.

कृष्णाकाठ

दुसरी प्रत पाठवावी *लागली*, हाच माझा मुद्दा. वाडियांसारखे उस्तादसुद्धा कागदासाठी थांबले.

मिरजेचा_रंधा

दोघंबी भांडा निवांत, पण फळ्यांचं काय? मी सतारीच्या कामातला माणूस. दांडीला तुनेचं लाकूड वापरतो, त्याची कात्रणं रोज पडत्यात. शेजारच्या पोरानं किट मागवलं परदेशातनं, किट कमी न् कस्टमच जास्त असा प्रकार. खोक्यात प्लायवूडचा कणा, त्यात खाचा पाडून आडवे पाट बसवायचे, वर आधी हलक्या लाकडाची दीड मिलिमीटरची फळी, मग त्यावर अक्रोडाचा कागदासारखा पातळ थर. पोरगं म्हणालं, वाकत न्हाई, मोडतीया. मोडंलच की! कोरडी वाकवाय गेलं तर आणि काय हुणार? पाण्यात भिजू दे, मग गरम इस्त्रीच्या कडंवर हळूहळू वळव. आणि नाळंकडं येताना प्रत्येक फळी निमुळती करावी लागतीया. पोटावर घेर मोठा, टोकाला ल्हान, मग सरळ पट्ट्या तिथं कशा मावतील? एकावर एक चढत्यात. ते प्रदर्शनातलं जहाज मीबी बघितलं. नाळंला फळ्या झकास बसवल्यात त्यानं. पाटी चुकीची आसंल, हात चुकीचा न्हाई.

डोलकाठी

रंधासाहेब, मानलं तुम्हाला. आणि धागाकर्त्यांना एक सवाल: नौदलाचं ‘कौंडिण्य’ विसरलात का? अजिंठ्याच्या भिंतीवरचं ५व्या शतकातलं एक चित्र, बस्स. नकाशा नाही, अवशेष नाहीत. केरळच्या कारागिरांनी खिळे न मारता काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून अख्खं जहाज उभं केलं आणि मे २०२५ मध्ये कारवारला ते नौदलात दाखलही झालं. माणसं घेऊन समुद्रात जाणारं जहाज चित्रावरून होतं, आणि काचपेटीतल्या मॉडेलला मात्र तुमचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं.

कृष्णाकाठ

कौंडिण्यवाल्यांनी चित्रावरून केलं हे पहिल्या दिवसापासून सांगितलं. आयआयटी मद्रासमध्ये छोटं मॉडेल करून पाण्यात चाचण्या घेतल्या. डोलकाठीचा अंदाज केला तर तो अंदाज म्हणून हिशेबाने केला. कुणीही ‘हुबेहूब’ म्हटलं नाही. मी याहून वेगळं काय मागतोय?

शाळामास्तर_तासगाव

मुलांना घेऊन मी ते प्रदर्शन पाहिलं. पाटी कुणी वाचत नाही, कृष्णाकाठ. मुलं जहाज बघतात आणि तेच घेऊन घरी जातात. दुसऱ्या दिवशी वर्गात गुराब काढायला सांगितली तर सगळ्यांनी तीन मजले तोफा काढल्या. त्यामुळे ‘कल्पनेने’ असं बारीक अक्षरात लिहून काहीही साधणार नाही. चुकीचं जहाज चुकीचंच शिकवतं, पाटी कितीही प्रामाणिक असो.

टन_फूट_इंच

नकाशा नाही म्हणजे काहीच काढता येत नाही असं नाही. १८व्या शतकात इंग्रज टन कसे मोजत ते माहीत आहे: लांबीतून रुंदीचे तीन-पंचमांश वजा करायचे, त्याला रुंदीने गुणायचं, पुन्हा अर्ध्या रुंदीने गुणायचं आणि ९४ ने भागायचं. सगळं फुटांत. आता दोन डोलकाठ्यांची १५० टनांची गुराब घ्या. लांबी रुंदीच्या साडेतीनपट धरली तर जहाज सुमारे ७५ फूट लांब, २१ फूट रुंद निघतं. रुंद जहाज म्हणून तीनपटच धरली तर साधारण ६८ फूट लांब आणि पावणेतेवीस फूट रुंद. म्हणजे खरं उत्तर याच्या आसपास असायला हरकत नाही. १:४८ ला, पाव इंचाला एक फूट या मापात, हे मॉडेल १७ ते पावणेएकोणीस इंच भरेल. प्रदर्शनातली ‘हातभर’ गुराब १:५० ची असेल तर लांबीने ती चुकलेली नाहीच!

कृष्णाकाठ

हिशेब आवडला. पण ऑर्मचे टन याच सूत्राचे कशावरून? आणि साडेतीनपट की तीनपट हे तुम्ही ठरवलं, गुराबेने नाही. त्यात सात फुटांचा फरक पडतो, म्हणजे मॉडेलवर पावणेदोन इंच.

टन_फूट_इंच

पावणेदोन इंचांसाठी अख्खी गुराब टाकून द्यायची?

डोलकाठी

+१. आणि एवढंच असेल तर माझा उपाय ऐका. लाकडाचे दोन रंग वापरू. ज्याला लेखी आधार आहे तो भाग तुनेच्या लालसर लाकडात, अंदाजाचा भाग फिक्या लाकडात. शाळामास्तरांच्या मुलांना पाटी वाचायची गरजच नाही, रंगावरून कळेल.

कृष्णाकाठ

हे मला चालेल. पुढचं टोक, समोरच्या दोन तोफा, डोलकाठ्या लाल. बाकी सगळं फिकं.

डोलकाठी

मग जवळजवळ अख्खी गुराब फिकीच होईल की!

कृष्णाकाठ

होऊ दे. तेवढंच आपल्याला माहीत आहे.

सातारकर_पोवई_नाका

मला हे मान्य नाही. लोक जवळ येऊन विचारणार, अर्धंच रंगवलंय का? माझी गुराब मी एका रंगात करणार. पाटीवर ऑर्मचं नाव आणि वर्णन लिहीन, ज्याला तपासायचं त्याने तपासावं.

शाळामास्तर_तासगाव

आणि शिडांचं काय ठरलं? चौकोनी की तिकोनी? ऑर्म त्रिकोणी मोठं शीड गलबताच्या डोलकाठीला देतो. ४०-५० वल्ह्यांचं ते छोटं जहाज. गुराबेला तेच लावायचं का?

डोलकाठी

त्यासाठी वेगळा धागा काढा मास्तर, इथे रक्त आटेल.

मिरजेचा_रंधा

शनवारी तुनेची पट्टी कापायला घेतोय. दीड मिलिमीटर का दोन, येवढं सांगा. आणि दोऱ्याला मेण लावल्याबिगर कुणी डोलकाठीला बांधू नका. कापसाचा दोरा असा केसाळ दिसतोय, की त्या मापात बघितलं तर कासराच वाटतोय.