नाम घेणाऱ्याला रडू आलं तर त्याची भक्ती कमी पडली का?

नीरेकाठची:
परवा इथे एकांनी लिहिलं की नित्य हरिपाठ करणाऱ्याला दुःख शिवत नाही, नामात कायमचं सुख आहे, आणि ज्याला अजून रडू येतं त्याचं नाम अजून वरवरचं आहे. खाली रामकृष्णहरीची ही भली मोठी रांग. तिथेच उत्तर लिहायला घेतलं होतं, लांबत गेलं म्हणून वेगळा धागा काढतेय.

माझे धाकटे दीर ऍक्सिडेंटमध्ये गेले. सासूबाईंनी लग्न होऊन आल्यापासून एकादशी मोडलेली नाही, संध्याकाळचा हरिपाठ कधी चुकला नाही. दहाव्याला नदीवर एक माळकरी गृहस्थ त्यांना म्हणाले, "माउली, एवढं नाम घेता आणि अशा रडता?" त्या दिवसापासून त्या लोकांदेखत रडल्या नाहीत. मोरीत नळ सोडून रडायच्या, आम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून. कोणाला मिळालं यातून सुख?

आणि हे कुठल्या संतांनी सांगितलंय? 1296 मध्ये आळंदीला ज्ञानोबांनी समाधी घेतली तेव्हा निवृत्तिनाथांची काय अवस्था झाली ते नामदेवांनी समाधीच्या अभंगांत लिहून ठेवलंय. थोरला भाऊ, वर ज्ञानोबांचा गुरू, आणि त्यांना शोक आवरेना. त्यांचंही नाम वरवरचं होतं का? रोज "पुण्याची गणना कोण करी" म्हणायचं आणि देवळातून बाहेर आलं की दुसऱ्याच्या भक्तीची मापं काढायची!

टाळकरी बार्शी:
ताई, राग समजू शकतो, तो माणूस चुकीच्या वेळी बोलला. पण एका माणसाच्या बोलण्यावरून नामात सुख नाही असं ठरवू नका. माझे वडील प्यायचे, रोज, पगार घरी यायचाच नाही, आई दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जायची. एका आषाढीला गावच्या दिंडीबरोबर गेले, पंढरपुरात माळ घातली आणि परत आले ते वेगळेच. पुढे कॅन्सर झाला, शेवटी दुखणं भयंकर होतं पण चेहऱ्यावर चिडचिड नाही, पहाटे काकड्याची वेळ झाली की आपोआप ओठ हलायचे. हे मी डोळ्यांनी बघितलंय. याला सुख नाही तर काय म्हणायचं?

आणि तुकोबांचं पण पूर्ण सांगा. दुष्काळात बायको अन्न अन्न करत गेली, मुलगा गेला, दिवाळं निघालं, आणि तोच माणूस म्हणतो "बरें जालें देवा निघालें दिवाळें". "बाईल मेली मुक्त जाली" हेही त्यांचंच. दुःखाच्या पलीकडे गेल्याशिवाय हे तोंडातून निघत नाही.

नीरेकाठची:
तुमच्या वडिलांबद्दल एक शब्द वावगा बोलणार नाही. पण तुकोबा ते बोलले स्वतःच्या दुःखाबद्दल, स्वतःच्या देवाशी. ज्याची बायको नुकतीच गेली त्याच्या दारात जाऊन बोलले नाहीत. फरक एवढाच आहे आणि तोच सगळा फरक आहे. शिवाय दुसऱ्या बायकोचं, आवलीचं काय? डोंगरावर भाकरी घेऊन जाणारी, घरातली चूल सांभाळणारी. तिला कीर्तनात आपण कजाग करून ठेवलं आणि चारशे वर्षं तिच्यावर हशे पिकवतोय. घरातल्या एकाने देव धरला की बाकीच्यांचं ओझं कोण उचलतं हे या सुखाच्या गप्पांत कधी येतच नाही.

ओवीप्रेमी:
गीतेच्या सातव्या अध्यायात चार प्रकारचे भक्त सांगितलेत आणि त्यात पहिलं नाव आर्ताचं आहे, दुःखात हाक मारणाऱ्याचं. पुढे "उदाराः सर्व एवैते" असं भगवंत सगळ्यांबद्दल म्हणतात. रडणारा भक्त बाद नाही.

टाळकरी बार्शी:
त्याच श्लोकात पुढे ज्ञानी भक्ताला आपला आत्मा म्हटलंय, तेही सांगा की. पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर मुक्काम करायचा नसतो.

परखड परभणी:
तुमचं चालू द्या पण मला एक कळत नाही, यात देव कुठे आला? माणसं मिळून चालतात, गातात, एका पंगतीत जेवतात, दारू सुटते कारण संगत बदलते. बरं वाटणारच. आणि हे कायमचं सुख वाटणारे महाराज फुकट वाटतात का? आमच्या गावात यंदा सप्ताहाला घरटी वर्गणी बसवली. सोयाबीनला भाव नाही, लोकांनी उसने घेऊन दिली, कारण काल्याच्या, म्हणजे सप्ताहाच्या शेवटच्या कीर्तनाला ज्यांना आणलं त्यांचं पाकीट आधी ठरलं होतं, निम्मे पैसे आगाऊ. आले उशिरा, तासभर सासू-सुनेचे विनोद सांगितले, अभंगाचं चरण सुद्धा धड सोडवलं नाही, आणि गेले. "जेथें कीर्तन करावें, तेथें अन्न न सेवावें" हे तुकोबांनी कोणासाठी लिहिलंय?

मृदंगी:
हा अभंग तोंडावर फेकणारे खूप भेटतात. शेवटचं चरण पण वाचा, द्रव्य घेणारे आणि देणारे दोघेही नरकात जातात म्हटलंय. मग बोलावणारं गाव सुटतं का? मोठ्या नावाशिवाय मंडप भरत नाही म्हणून तुम्हीच हट्ट धरता.

मी आळंदीत शिकलोय. जोग महाराजांनी 1917 मध्ये वारकरी शिक्षण संस्था काढली तिथे, चार वर्षांचा अभ्यास असतो, गाथा, ज्ञानेश्वरी पाठ करावी लागते, माधुकरीवर दिवस काढलेत आम्ही. आज कीर्तनाला साथ करतो. धुम्याला, म्हणजे मृदंगाच्या डाव्या तोंडाला, कणीक लावायची, उजवीकडची शाई गेली की पुडी, म्हणजे तोंडावरचं कातडं, बदलायला पदरचे पैसे, रात्री बाराला कीर्तन संपलं की मोटरसायकलवर मृदंग बांधून पुढचं गाव. हातात काय येतं ते सांगायला लाज वाटते. टाळकऱ्यांना तर नारळ आणि टॉवेल. चार बड्या नावांवरून सगळ्या संप्रदायाला धंदेवाईक म्हणू नका, डोकं फिरतं.

परखड परभणी:
मृदंगवाल्यांचं मान्य. तुम्हाला कमीच मिळतं, तुमच्यावर बोललो नव्हतो. पण मग तुम्हीच उभे राहून विचारा ना, पाकिटातलं साथीदारांना किती जातं? तुम्ही गप्प बसता म्हणून ते वाढतात.

मृदंगी:
विचारलं की पुढच्या तारखा बंद. घर तुम्ही चालवणार का माझं? लिहायला काय जातं.

वीणेकरी:
शांत व्हा दोघेही. सप्ताह म्हणजे काल्याचे महाराज एवढंच दिसतं का तुम्हाला? सात दिवस वीणा खाली ठेवत नाहीत. रात्री तीनच्या पहाऱ्याला मंडपात चिटपाखरू नसतं, समई, एक झोपलेला ताडपत्रीवाला आणि तुम्ही. पाय भरून येतात, पुढचा येतो, तुमच्या पाया पडतो, तुम्ही त्याच्या, वीणा त्याच्या गळ्यात. याचे कोणी पैसे घेत नाही. मला आयुष्यात जे काही समाधान मिळालंय ते त्या पहाऱ्यात. ते कायमचं नाही, सकाळी घरी जाऊन भावाशी बांधावरून भांडलोय मी. पण पुढच्या वर्षी परत उभा राहतो.

नीरेकाठची:
हे मला पटतं. कायमचं नाही, तरी परत उभं राहायचं. असं कोणी सांगितलं असतं तर हा धागा काढलाच नसता.

टाळकरी बार्शी:
मला "कायमचं नाही" हे मान्य नाही, वडिलांचं टिकलं, शेवटपर्यंत टिकलं. हां, रडू आलं म्हणजे नाम खोटं, असं मीही म्हणणार नाही, ज्यांनी लिहिलं त्यांनी ते काढून टाकावं. आई वडिलांच्या मागे रडली, तिलाही माळ होती. बस, याच्या पुढे मी येत नाही.

परखड परभणी:
आमच्याकडे पुढच्या सप्ताहापासून जमाखर्च देवळाच्या फळ्यावर लिहायचा अशी मागणी घालतोय, महाराजांचा आकडा आणि साथीदारांचा आकडा वेगवेगळा. मृदंगी, तुमचं नाव कुठे येणार नाही, तुमच्या भागातले दर तेवढे कळवा.